मित्राला जास्त झाली आणि १०८ लावला: कोकण किनाऱ्यावर ही सेवा कितपत कामाची?

१०८ची रुग्णवाहिका अपघाताला, हार्ट अटॅकला, अडलेल्या बाळंतपणाला येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारू पिऊन निपचित पडलेल्या दोस्तासाठीही ती येते, हे ऐन वेळी कुणाला सुचत नाही. सुचलं तरी "दारूसाठी कशाला गाडी बोलवायची, सकाळी उठेल" म्हणून फोन खिशातच राहतो. म्हणून हे परीक्षण तेवढ्याच एका प्रसंगापुरतं आहे: किनाऱ्यावरचं गाव, रात्रीची वेळ, बरोबरच्यांपैकी एकाला दारू किंवा दुसरी कसली नशा जास्त झालेली, आणि हातात फोन.

निकाल आधी सांगून टाकतो. सेवा चांगली आहे, पैसे पडत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. पण अलिबाग ते शिरोडा या किनाऱ्यावर गाडी दारात येईपर्यंत अर्धा तास जाणार असं धरूनच चालावं. जास्त झालेला माणूस दगावतो तो बहुधा अशाच वेळात, उलटी श्वासनळीत जाऊन किंवा श्वास मंदावत जाऊन. तेव्हा या सेवेचा उपयोग किती होणार हे शेजारी बसलेल्या दोस्ताला काय येतं यावर ठरतं. त्या अर्ध्या तासाबद्दल खाली बरंच लिहिलं आहे, ते त्यासाठीच.

आधी सेवेबद्दल. महाराष्ट्रात १०८ जानेवारी २०१४मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ अतिदक्षतेची साधनं असलेल्या आणि ७०४ साध्या जीवरक्षक गाड्या. आपल्याला हव्या असलेल्या दोन गोष्टी साध्या गाडीतही मिळतात: ऑक्सिजन, आणि घशातली उलटी ओढून काढणारं सक्शन यंत्र. बेशुद्ध दारुड्याला वाटेत सगळ्यात जास्त गरज याच दोहोंची असते. घरची चारचाकी कितीही चांगली असली तरी तिच्यात सक्शन नसतं. इथे १०८ला पूर्ण गुण. १०२ हा नंबर गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांसाठी आहे, तो लावून वेळ घालवू नका. ११२ हा पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांचा एकत्र नंबर. कुणी नशेत समुद्रात शिरत असेल, हाणामारीवर आला असेल, तर आधी ११२. माणूस पडलेला असेल तर थेट १०८.

फोन कधी करायचा, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. खालच्यांपैकी एकही गोष्ट दिसली की लगेच करायचा, दुसरीची वाट बघायची नाही. मोठ्याने नावाने हाक मारून, खांद्याचा स्नायू अंगठा आणि बोटांत धरून जोरात चिमटा काढूनही डोळे उघडत नाहीत. श्वास मिनिटाला ८पेक्षा कमी आहेत, किंवा दोन श्वासांमध्ये १० सेकंदांची खंड पडते आहे. ओठ, नखं निळसर-राखाडी झाली आहेत. अंग गार आणि चिकट लागतंय. झोपेतच उलटी होते आहे. झटके येताहेत. पडून डोकं आपटलंय. दारूबरोबर झोपेच्या, वेदनेच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध घेतलंय. सावळ्या त्वचेवर निळेपणा पटकन कळत नाही. टॉर्च लावून ओठांच्या आतली बाजू आणि नखांखालचा रंग बघावा.

"अजून शुद्धीत आहे, मग कशाला?" असं वाटतं तेव्हा एक हिशेब ध्यानात ठेवा. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच राहते, आणि नशा अर्धा ते दीड तास वाढत राहते. शेवटी दोन पेग सलग मारले असतील, तर पडवीत येऊन आडवा झालेला माणूस त्या क्षणी असेल त्याहून तासाभराने जास्त वाईट असतो. ३० मिलीच्या एका पेगात, दारू ४२.८ टक्क्यांची असेल तर, साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीत चार पेग. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम उतरवतं. त्याहून घाई त्याला कुणी करू शकत नाही. एक क्वार्टर पुरती उतरायला सहा ते आठ तास लागतात ते यामुळे. गावठीचा, घरच्या फेणीचा आणि हुर्राकचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) हिशेब असा धरता येत नाही, कारण बाटलीवर टक्केवारीच नसते. माडी सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. ती आंबत जाते तशी चढत जाते.

आता फोनवर काय सांगायचं. फोन गावातल्या कुणी उचलत नाही, तो पुण्यातल्या केंद्रात जातो. तिथल्या माणसाला "मुरुडला या" सांगितलं तर त्याच्यापुढे दोन मुरुड उभी राहतात, एक रायगडातलं आणि एक दापोलीजवळचं. वेळास मंडणगडातही आहे आणि श्रीवर्धनातही. आरवली संगमेश्वरातही आहे आणि वेंगुर्ल्यातही. म्हणून पहिल्या वाक्यात जिल्हा, दुसऱ्यात तालुका, मग गाव, वाडी आणि खूण. "जिल्हा रत्नागिरी, तालुका दापोली, गाव मुरुड" हे याच क्रमाने सांगावं. शिरोडा, रेडी या बाजूला मोबाइल गोव्याचा टॉवर पकडतो आणि फोन गोव्याच्या १०८कडे जाऊ शकतो. राज्याचं नावही सांगा. मग माणसाबद्दल: वय, शुद्धीत आहे का, मिनिटाला श्वास किती, काय घेतलं, केव्हा घेतलं. पलीकडून विचारलेलं सगळं सांगून होईपर्यंत फोन ठेवू नका, आणि नंतर तो नंबर मोकळा ठेवा. गाडीवाल्यांचा वाट विचारायला फोन त्याच नंबरवर येणार. ग्रुपमधले सगळे तो नंबर "काय झालं" विचारायला लावत बसले, तर गाडी फाट्यावर उभी राहते.

या सेवेची कोकणातली मोठी अडचण शेवटच्या दोन-तीनशे मीटरची आहे. पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, गाडी चढत नाही. माडबागेतल्या अरुंद बिदीतून ती वळत नाही, आणि किनाऱ्यावरच्या होमस्टेची पाटी रात्री दिसत नाही. फोन झाला की एकाने टॉर्च घेऊन डांबरी रस्त्यावर जाऊन उभं राहावं. दुसऱ्याने घरमालकाला उठवावं. कुठून गाडी आत येईल हे त्यालाच माहीत असतं, आणि गाडी येणारच नसेल तर जाड सतरंजी किंवा बाज कुठे मिळेल हेही. दुसरी अडचण खाडीची. रात्री दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोट बंद झाली की नकाशावर समोर दिसणारं गाव रस्त्याने कित्येक किलोमीटर लांब जातं. मुक्कामाला पोचल्यावर, पहिली बाटली उघडायच्या आधी, आपल्याच बाजूचं सरकारी रुग्णालय कुठलं हे एकाने विचारून ठेवावं. या एका प्रश्नाने पुढे अर्धा तास वाचू शकतो.

आता तो अर्धा तास. इथे मालवणीत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "चढली हा, निजांदे त्येका" (चढली आहे, झोपू दे त्याला). त्या वाक्याने माणसं गमावली आहेत. निजायला हरकत नाही, पण उताणं निजायला आहे. उताण्या बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते. उलटी वर आली तर तोंडातून बाहेर पडायला वाट नसते, आणि दारूने ठसका लागण्याची क्रियाच मंदावलेली असते. "मस्त घोरतोय, गाढ झोपलाय" असं वाटतं तो गुरगुर आवाज बऱ्याचदा अर्धी बंद झालेली श्वासनळी असते. आवाज आला की कुशीवर वळवून डोकं मागे कलवा. आवाज थांबला आणि श्वास चालू राहिला, तर तुम्ही योग्य केलंत.

कुशीवर वळवणं एकट्यालाही जमतं, माणूस शंभर किलोचा असला तरी. त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्याचा हात खांद्यातून बाहेर काटकोनात पसरा, तळवा वर. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाला टेकवा, आणि एका हाताने तिथे धरून ठेवा. दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा वर उभा करा. पाऊल जमिनीवर टेकलेलं राहू दे. आता तो उभा गुडघा तुमच्याकडे ओढा. सगळं अंग आपोआप वळून येतं, ताकद लागत नाही. वरचा गुडघा काटकोनात पुढे ठेवा, म्हणजे तो पुन्हा उताणा किंवा पालथा होणार नाही. शेवटी हनुवटी किंचित वर करून डोकं मागे कलवा आणि तोंड जमिनीकडे झुकवा. उलटी आली तर बाहेर वाहून जाईल. पाठीला गुंडाळलेली सतरंजी किंवा सॅक टेकवा. हे वळवणं बसून चौघांनी एकमेकांवर शुद्धीत असताना दोनदा करून पाहिलं, तर रात्री हात आपोआप चालतात.

वाळूवर असाल तर आणखी दोन गोष्टी. तोंडाखाली टॉवेल घाला, नाहीतर श्वासाबरोबर वाळू आत जाते. आणि भरतीची रेषा कुठे आहे ते बघा. ओल्या शेवाळाची, काटक्यांची जी रांग दिसते तिच्याही वर त्याला घ्या. ओले कपडे काढून चादर, घोंगडी, जे असेल ते अंगाखाली आणि अंगावर टाका. दारूने अंगातली ऊब झपाट्याने कमी होते. पावसाळ्यात ओल्या अंगाने वाऱ्यात पडलेला माणूस मे महिन्यातल्यापेक्षा खूप लवकर गारठतो.

मग एकाने, जो प्यायलेला नाही त्याने, तिथेच बसायचं. फक्त बसायचं, व्हिडिओ काढायचा नाही. दर पाच मिनिटांनी श्वास मोजायचे: पोटावर हलका हात ठेवायचा, पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं. शांत झोपलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० येतात. वेळ आणि आकडा मोबाइलच्या नोंदवहीत लिहून ठेवा. "०१:१०, १४. ०१:१५, १२. ०१:२०, ९." गाडीतल्या डॉक्टरला या तीन ओळींतून जे कळतं ते "खूप प्यायलाय हो" या वाक्यातून कळत नाही.

श्वास थांबलाच, किंवा पाण्याबाहेर पडलेल्या माशासारखा अधूनमधून तोंड उघडून नुसता आचका देत असेल, तर तो श्वास नव्हे. त्याला उताणा करा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास. नशेने किंवा बुडून थांबलेल्या माणसात हृदयाआधी श्वास गेलेला असतो, म्हणून इथे तोंडाने दिलेल्या श्वासांचं मोल जास्त आहे. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेल्या हातांचे दाब उथळ पडतात.

झटके आले तर कांदा, चप्पल हुंगवायची नाही, हातात लोखंड द्यायचं नाही, दातांत चमचा घालायचा नाही. आजूबाजूच्या बाटल्या-खुर्च्या दूर करा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, घड्याळ बघा, आणि थांबल्यावर कुशीवर घ्या.

आता जे करतात आणि करू नये ते. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, चिंचेचं पाणी यापैकी कशानेही रक्तातली दारू कमी होत नाही. अर्धवट शुद्धीतल्याच्या घशात ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. घशात बोटं घालून ओकायला लावणं त्याच कारणाने धोक्याचं. विहिरीचं गार पाणी डोक्यावर ओतलं की माणूस दचकून जागा होतो. त्यामुळे "उतरली" वाटते, आणि दहा मिनिटांत तो पहिल्याहून गार होऊन पडतो. उभं करून फिरवू नका. कोकणातल्या पायऱ्या आणि शेवाळलेले चिरे यांवर डोकं फुटायला वेळ लागत नाही. अंग दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. एक यकृताला जड, दुसरं पोटात रक्तस्राव करू शकतं. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे बाइकवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेणं. मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते, श्वासनळी दुमडते, आणि पुढच्याला मागे काय चाललंय ते कळतही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र पाच-दहा मिनिटांवर असेल, चारचाकी असेल आणि न प्यायलेला ड्रायव्हर असेल, तर १०८ला तसं सांगून मागच्या सीटवर कुशीवर झोपवून नेणं ठीक. नाहीतर गाडीची वाट बघणंच बरं.

लोक सॅकमध्ये ठेवतात त्या वस्तूंबद्दल थोडं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघर आहे. तो जवळ असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. गार पडलेल्या बोटांवर, गडद नेलपॉलिशवर आकडा चुकतो. आणि मुख्य म्हणजे श्वास बराच मंदावल्यावरच तो खाली येतो. ९६ दिसतंय म्हणून निर्धास्त झालात आणि श्वास मिनिटाला सहा असतील, तर उशीर झालेलाच आहे. पोटावरचा हात या यंत्रापेक्षा खरा. ग्लुकोमीटर एखाद्या मधुमेही दोस्ताकडे असेल तर जरूर वापरा. उपाशीपोटी प्यायल्याने साखर घसरते आणि साखर घसरलेला माणूस हुबेहूब दारू चढल्यासारखा दिसतो. ७०च्या खाली आकडा आला तर तो डॉक्टरला सांगा. शुद्ध नसेल तर तोंडात साखर, मध काहीही नको. केमिस्टकडे हँगओव्हरची म्हणून जी पाकिटं मिळतात ती बेशुद्ध माणसाला उठवत नाहीत. त्यांचा इथे काहीच उपयोग नाही. ओआरएस चांगलं, पण दुसऱ्या दिवशी, स्वतः उठून बसून स्वतःच्या हाताने पेला धरता आला तर. ब्रेथ अ‍ॅनलायझरचा आकडा गाडी चालवायच्या कायद्यासाठी असतो, धोका मोजायला नाही. रोज पिणारा मोठ्या आकड्यावर बोलत असतो आणि पहिल्यांदा पिणारी मुलगी निम्म्यावर बेशुद्ध पडते. सॅकमध्ये पैसे घालायचेच असतील तर ते एका चांगल्या टॉर्चवर आणि जाड चादरीवर घाला.

दारू सोडून दुसरं काही असेल तर चित्र बदलतं. शिमग्याला भांग पोटातून घेतली की चढायला एक ते दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून दुसरा गोळा घेतला जातो, आणि मग दोन्ही एकदम येतात. गांजा-भांगेने घाबरलेल्याला छातीत धडधड होते, आपण मरणार असं वाटतं. त्याला गर्दीतून, ढोलांपासून बाजूला नेऊन मंद उजेडात बसवा, हळू आवाजात "हे उतरणार आहे, मी इथेच आहे" हे पुन्हा पुन्हा सांगा. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली, भास होऊन तो स्वतःला इजा करायला लागला, तर १०८. अफूच्या जातीचं काही, हेरॉइन, ट्रामाडॉलसारख्या गोळ्या, कोडीनचं कफ सिरप असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंदावतो. याला नॅलोक्झोन नावाचं उतारा-औषध आहे, ते डॉक्टर देतात, म्हणून फोनवर आणि गाडीत "गोळ्या घेतल्यात" हे लपवू नका. पार्टीतल्या एमडीएमएसारख्या गोळ्यांनी उलट अंग तापतं, जबडा घट्ट होतो, माणूस थांबता थांबत नाही. सावलीत बसवा, ओल्या फडक्याने मान, काखा पुसा, पाणी घोटाघोटाने. बादलीभर पाणी पाजलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन त्यानेच झटके येतात. सोल्यूशन किंवा पंक्चरचा गम हुंगलेल्या पोराच्या मागे धावू नका, त्याला दरडावू नका. त्या वेळी घाबरून एकदम पळाल्याने हृदय थांबू शकतं. चवताळलेल्याला पालथा पाडून पाठीवर बसणं कुठल्याही नशेत जिवावर बेतू शकतं.

गाडी आली की डॉक्टरच्या हातात काय द्यायचं? काय प्यायला, किती, शेवटचा घोट किती वाजता, उलट्या किती, झटके किती मिनिटं, डोक्याला मार लागला का, मधुमेह-फिट-दमा आहे का, रोजची औषधं कुठली. बाटली, गोळ्यांची पट्टी, पुडी, जे असेल ते बरोबर द्या. एक न प्यायलेला दोस्त गाडीत जाऊ दे, त्याच्याजवळ दोघांची ओळखपत्रं, चार्जर, थोडी रोख रक्कम आणि घरच्यांचा नंबर.

पोलीस केस होईल या भीतीने फोन न करणारे खूप. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे विशीतली मुलं जास्त घाबरतात. विषबाधेच्या संशयात रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं, हे खरं आहे. पण उपचार त्याच्यासाठी अडत नाहीत. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. काय घेतलं हे डॉक्टरला खोटं सांगितलं तर तो चुकीच्या दिशेने शोधत बसतो, आणि वेळ तुमच्या दोस्ताचा जातो.

गाडी सहसा जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते. मालवण, गुहागरला ग्रामीण रुग्णालय, दापोली, कणकवली, सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय, त्यावर अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथली जिल्ह्याची रुग्णालयं. सलाईन, ऑक्सिजन आणि देखरेख एवढ्यावर भागणारं असेल तर ग्रामीण रुग्णालय पुरतं. डोक्याच्या मारासाठी सीटी स्कॅन किंवा व्हेंटिलेटर लागला की पुढे पाठवतात. सिंधुदुर्गातून तर कित्येक जण थेट बांबोळीला, गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. मधल्या या बदलीत वेळ जातो, हा या सेवेपेक्षा आपल्या जिल्ह्यांतल्या रुग्णालयांचा कमीपणा आहे, पण भोगावा रुग्णालाच लागतो. म्हणून मार लागलेला असेल तर पहिल्या फोनलाच ठळकपणे सांगा. आणि हो, १०८ तुम्हाला परत आणून सोडत नाही. पहाटे सुटी मिळाली तर एसटी किंवा रिक्षा.

उठल्यावर त्याला टोमणे नकोत, रात्रीचे फोटोही ग्रुपवर नकोत. पाणी, ओआरएस, पेज किंवा मऊ भात. हे वरचेवर होत असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय नंबर आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६. ते नंबर तुम्हीच लावून फोन त्याच्या हातात दिलात तर तो बोलण्याची शक्यता वाढते.

दुसऱ्या दिवशी एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, विशेषतः गावठी किंवा सीलशिवायची बाटली असेल तर. मिथेनॉल मिसळलेली दारू प्यायल्यावर माणूस रात्री साधाच प्यायल्यासारखा वाटतो, सकाळी थोडा बराही असतो, आणि १२ ते २४ तासांनी पोटात कळा, धाप, आणि डोळ्यांपुढे धुकं पसरल्यासारखं दिसू लागतं. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५मध्ये अशाच दारूने शंभरावर माणसं गेली. "धुरकट दिसतंय" हे शब्द कानावर पडले की झोपू द्यायचं नाही, उतारा म्हणून आणखी पाजायचं नाही, १०८ पुन्हा लावायचा आणि "मिथेनॉलची शंका आहे" हे याच शब्दांत सांगायचं, म्हणजे डायलिसिस असलेल्या रुग्णालयाचा विचार पहिल्यापासून होतो. त्याच बाटलीतलं ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या प्रत्येकाला, ठणठणीत वाटत असला तरी, बरोबर न्यायचं.